कनातीमागचा वाघ

सोपानमामा कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघत. समोरची माणसं, भिंतीवरचे देव, पुढे केलेला पाण्याचा तांब्या, सगळं नंतर. मान वर, तोंड किंचित उघडं आणि नजर छताच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. इथे दोर कुठे बांधता येईल याचा अंदाज आल्याशिवाय त्यांना बसल्यासारखं वाटत नसे. ओतूरला त्यांचा मंडपाचा धंदा होता आणि जगातलं प्रत्येक घर म्हणजे अजून सजवायची राहिलेली जागा, असा त्यांचा साधारण समज होता.

मामा माझ्या बायकोचे, वैशालीचे. त्यांची-माझी पहिली भेट झाली ती मुलीकडची मंडळी आमचं राजुरीचं घर बघायला आली तेव्हा. बाकीच्यांनी रीतीप्रमाणे विहीर पाहिली, गोठा पाहिला, ऊस पाहिला. ओतूरला माझं चष्म्याचं दुकान आहे हे मी दोनदा सांगितलं. मामांनी ते दोन्ही वेळा ऐकलं नाही. ते ओसरीवरच्या झोपाळ्याच्या हुकाकडे बघत होते. मग त्यांनी चपला काढल्या, झोपाळ्यावर चढले आणि दोन्ही हातांनी हुकाला धरून पाय वर उचलले. काही वेळ ते तसेच लोंबकळत राहिले. मुलीच्या मामाला लोंबकळू नका असं आमच्या घरातलं कुणी कसं सांगणार? खाली उतरून त्यांनी हात झटकले.

"हूक दमदार हाय," ते म्हणाले. "द्या पोरगी."

माझं लग्न माझ्या कर्तबगारीवर झालं असं मी लोकांना सांगतो. कागदोपत्री ते हुकावर झालेलं आहे.

त्या लग्नाचा मांडवही मामांचाच. त्यांच्या मांडवात खिळा नसे. बांबू, कापड आणि दोर, एवढ्यावर सगळं उभं. खिळ्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होई. "खिळा म्हंजे भांडान," ते म्हणत. "लाकडाशी बी आन् भितीशी बी. काढायला गेलं की दोघं बी नासत्यात." आणि गाठ मारायची ती सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ मारणाऱ्या गड्याला ते दुसऱ्या दिवशी कामावर बोलवत नसत. याला आधार म्हणून तळेघरच्या एका लग्नाची गोष्ट ठरलेली असे. तिकडे एसटी नव्हती, बांबू डोक्यावर वाहून नेले होते आणि ऐन अक्षतांच्या वेळी वारा सुटला. "शेजारचा खिळ्याचा मांडव फाटून गेला राव. माजा नुसता सुटला. घडी करून ठिवला, वारं थांबल्यावर परत बांदला." ही गोष्ट मी बऱ्याचदा ऐकली. दर वेळी वारा वाढलेला असे. शेवटच्या आवृत्तीत नवरदेवाची घोडीही थोडी उचलली गेली होती.

मांडवात मला मुंडावळ्या बांधत होते तेव्हा माझे गुडघे हलत होते. थंडीमुळे, असं मी सांगितलं. मे महिना होता. मामा कानाशी वाकले.

"पावणं, मी आयुष्यभर मांडव घातल्यात. मांडवात सगळ्यात जास्त घाबरल्यालं कोन आसतं सांगू? नवरदेव. बाकी समदे जेवायच्या नादात आसत्यात. म्हनून तर त्याला असं बांदून उभा करत्यात. पळाया नको."

लग्नाच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे. मुंडावळ्यांच्या मागून दोन डोळे बाहेर बघताहेत. माझ्या दुकानात येणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाचे डोळे मी इतके मोठे झालेले पाहिलेले नाहीत.

पुढे जुई झाली आणि ती चार वर्षांची व्हायच्या सुमारास आम्ही मळ्यात नवं घर बांधलं. त्यात एक खोली तिची. चार वर्षांच्या पोरीला स्वतंत्र खोली कशाला, असं गावात सगळ्यांनी विचारलं. माझ्या आईने विचारलं नाही. तिने पहिल्या दिवसापासून त्या खोलीला 'कांद्याची खोली' म्हणायला सुरुवात केली आणि तिथे कांदे कधी भरता येतील याची वाट बघत बसली. मामांनी स्लॅबच्या वेळी गवंड्याला दम देऊन त्या खोलीच्या चारी कोपऱ्यांत हूक सोडायला लावले. मला ते शोभेचे वाटेनात. वर पीओपी करून ते झाकून टाकायचं मी मनात ठरवलं होतं.

मला खोली अशी हवी होती की एकदा सजवली की पोरगी मोठी होईपर्यंत बघायला नको. पहिली खरेदी मोटारीच्या आकाराचा पलंग. लाल, चाकांसकट. तो फार टिकाऊ निघाला. जुई वर्षभरात त्याच्या बाहेर वाढली, पलंग अजून आहे. त्यात कुत्रा झोपतो. दुसरी खरेदी भिंतीवर लावायच्या कागदाची. पुण्यातल्या दुकानदाराने मला कार्टून घेऊ दिलं नाही. "सर, कार्टून दोन वर्षांत जुनं होतं. परी-बिरी सहा वर्षांनंतर मुलींना आवडत नाही. जंगल घ्या. जंगल कधीच जुनं होत नाही." त्याचं मला पटलं. मी जंगल घेतलं. त्यात बिबट्या होता, तोही खऱ्याच्या मापाचा. मापासाठी जास्तीचे पैसे पडतात म्हणाला, तेही दिले.

आता जुन्नर तालुक्यात राहणाऱ्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या घरामागे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. आम्ही त्याला वाघच म्हणतो. संध्याकाळ झाली की पोरं आत, दारं बंद, शेताकडे जायचं तर बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी. आधीच्याच हिवाळ्यात आमचा तेव्हाचा कुत्रा, राजा, त्याने नेला होता. पट्टा तेवढा बांधावर सापडला, तो जुईनेच ओळखला होता. हे सगळं मला माहीत होतं. तरीही ते जंगल घेताना, ते गाडीत घालताना, माणूस बोलावून ते भिंतीवर चिकटवून घेताना, माझ्या काही लक्षात आलं नाही. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा आहे.

दुपारी जुई बालवाडीतून आली. मी आधीच खोलीत जाऊन, हात पसरून, चित्रासमोर उभा राहिलो. वैशालीने तिचे डोळे झाकून तिला दारापर्यंत आणलं आणि हात काढले. जुई ओरडली नाही, रडली नाही. तिने एकदा वाघाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती दोन पावलं मागे सरकली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून खालची कडी लावली.

"आई," मला आत तिचा अगदी हळू आवाज ऐकू आला, "घरात वाघ आलाय. बाबा आत आहेत."

"अगं, चित्र आहे ते."

"फॉरेस्टवाल्यांना फोन कर. पिंजरा आणा म्हणावं."

वैशालीने कडी काढायला हात घातला की जुई जिवाच्या आकांताने ओरडे. म्हणून मी आतच राहिलो. बराच वेळ होता, त्यामुळे चित्र नीट बघता आलं. काम उत्तम होतं. कुठूनही बघितलं तरी तो आपल्याकडे बघत होता.

हसायचं तिथवरच होतं. त्यानंतर जुई त्या खोलीत गेलीच नाही. त्या दारावरून जायचं म्हणून न्हाणीघरात जाईना. मग ओसरीवर बसेना. मग दिवसाउजेडी आईचा पदर सोडेना. आधी तिला उसातल्या वाघाची भीती होती, पण घर हे आपलं, तिथे तो येत नाही असा तिचा हिशेब होता. तो हिशेब मी पैसे मोजून बिघडवला होता. नारायणगावच्या डॉक्टरांनी वेळ द्या म्हणून सांगितलं. वैशाली मला काहीच बोलली नाही. लग्नानंतर असं प्रथमच घडत होतं आणि ते फार वाईट होतं.

मी कागद काढायला घेतला. हा दहा वर्षं निघणार नाही असं दुकानदार म्हणाला होता, तो शब्दाचा पक्का निघाला. वाघाला हात लावायची माझीही हिंमत होईना, म्हणून उलथनं घेऊन कडेने सुरुवात केली. मूळ चित्रात वाघ झुडपाआड अर्धा लपलेला होता. संध्याकाळपर्यंत माझ्या मेहनतीने झुडूप गेलं. आता तो पूर्ण मोकळ्यावर होता.

वैशालीने मामांना फोन केला.

मामा टेम्पोतून आले. मागे बांबू, दोराची वेटोळी आणि कनातीचा गठ्ठा. कनात म्हणजे मांडवाच्या कडेला आडोशाला लावतात ते जाड कापड. खोलीत शिरले, आधी वर बघितलं. हूक जागेवर होते. मग खाली बघितलं.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "ह्यो काय परकार?"

"जंगल थीम आहे मामा. टिकाऊ म्हणून घेतली."

"वाघ टिकाऊ हाय, ते तर तालुक्याला ठावं हाय. पन त्याला घरात कोन आनतं?"

"मी रंग मारून घेतो वरून. आळेफाट्याचा पेंटर येतोय."

"रंग मारा न्हाईतर सोनं मारा. खाली वाघ हाय, हे तिला ठावं हाय न्हवं?" ते त्या मोकळ्यावर आलेल्या जनावराकडे बघत राहिले. "झाकायचं आसंल तर सुटंल आसं झाका. कनात लावू. आन् दोर पोरीच्या हातात देऊ."

त्यांनी मला एक खुर्ची आणायला लावली आणि मग आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. आत बराच वेळ बांबूचे आवाज येत होते. मध्येच दार किलकिलं करून त्यांनी वैशालीकडे टाचणीची डबी आणि हळदीकुंकवाचं तबक मागितलं. शुभकार्याशिवाय मामा बांबू उभा करत नसत, त्यामुळे तबकाचं कुणाला नवल वाटलं नाही. दार उघडलं तेव्हा खोलीचा लग्नाचा हॉल झालेला होता. आमच्याकडे एवढाच शब्द आहे. जांभळी कनात, तिला सोनेरी झालर, वर छताला चुण्यांचं पांढरं कापड आणि मध्ये, कुणी मागितलेलं नसताना, एक झुंबर. पुढे कित्येक पाहुणे त्या खोलीत डोकावून नवरी कुठाय म्हणून विचारत.

जुई ओसरीवर आईला चिकटून बसली होती. मामा तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि एक लांब दोर ओढत ओढत तिच्यापर्यंत आणला.

"जुये, ह्यो दोर तुजा. कनात खालून वर गुंडाळायची का न्हाई, किती गुंडाळायची, तू ठरवायचं. तुजा बाप न्हाई, तुजी आई न्हाई, मी बी न्हाई."

"आणि वाघ बाहेर आला तर, मामाआजोबा?"

"कसा येईल? म्या बांदलाय त्याला."

"कशाने?"

"ते तू बगशील तवा कळंल."

जुईने दोर हातात घेतला. ओढला नाही. पण सोडलाही नाही, हातात धरूनच जेवली. काही दिवसांनी ती दोर घेऊन दारापर्यंत गेली, आणखी काही दिवसांनी आत. दिवाळी यायच्या आत ती त्या खोलीत झोपायला लागली, दोराचं टोक उशीखाली ठेवून.

मग दर आषाढात मामा येऊ लागले, कारण आषाढात लग्नं नसतात आणि मामांना रिकामं बसवत नसे. ते खोली जुईच्या मापाला आणत. अभ्यासाची फळी त्यांनी भिंतीला न ठोकता हुकाला दोराने टांगली होती, जुई वाढेल तशी ती वर घ्यायची. कल्पना मोठी होती. फळी हलायची. पहिलीत बाईंनी वहीवर शेरा मारला की अक्षर एका ओळीत राहत नाही. मी वही मामांना दाखवली. त्यांनी ती लांब धरून पाहिली.

"झुलतंय खरं," ते म्हणाले. "पन पडलं आसं एक बी न्हाई."

माझ्याकडून त्यांनी कधी चष्मा करून घेतला नाही. मी टेबल आणलं आणि फळीवर जुईने बाहुल्या बसवल्या. मामांनी त्यानंतरही फळी दर वर्षी टेबलाकडे न बघता वर घेतली.

पहिल्या आषाढात जुईने कनातीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या वर्षी तिने स्वतः दोर ओढला आणि कनात वीतभर वर गेली. वाघाचे पंजे दिसले. ती बराच वेळ बसून पंजांकडे बघत होती. संध्याकाळी बघतो तर वाघाच्या नखांना वैशालीचं लाल नेलपॉलिश. पुढच्या आषाढात शेपूट आणि पाय. मग पोट. पोटावर तिने शाळेचं वेळापत्रक चिकटवलं. उंची वाढेल तशी कनात वर जात राहिली. सातवीत असताना ती वाघाच्या मानेपर्यंत पोहोचली आणि तिथे थांबली. दोन-तीन वर्षं थांबूनच राहिली. मी एकदा म्हणालो, "आता काय घाबरतेस, चित्र तर आहे." जुईने दोर उशीखाली सरकवला. मामा मात्र माझ्याकडे वळले.

"तुमी मांडवात उभं व्हता तवा म्या घाई केली व्हती का, पावणं?"

या काळात मामांचा धंदा गेला. गावोगाव लॉन्स झाली, लोखंडी सांगाडे आले, तयार फुलांच्या भिंती आल्या. मामांना बोलावणं येई ते दहाव्याला आडोसा करायला. त्यांनी हळूहळू सामान विकलं. याबद्दल ते कधी रडले नाहीत. लॉनवरच्या लग्नात जेवायला जात आणि त्या लोखंडी सांगाड्याखाली उभे राहून वर बघत. "ह्ये सुटत न्हाई," एवढंच म्हणत. एखाद्याला बरा न होणारा रोग झाल्यासारखं.

शेवटच्या आषाढात आले तेव्हा त्यांना खुर्चीवर चढवेना. फळी वर घ्यायला जुई चढली, त्यांनी खालून खुर्ची धरली. सुरगाठ कशी मारायची हे तिला त्यांनी खालून सांगितलं, म्हणजे मुख्यतः शिव्या दिल्या. ती उतरली तेव्हा दोघांची उंची सारखी झाली होती. मामांच्या ते लक्षात आलं, त्यांनी तिच्या डोक्यावर आडवा हात धरून तो आपल्या कपाळाला लावला.

"आता मानंच्या वर काय हाय, तेवडंच ऱ्हायलंय," ते म्हणाले.

"मोठी झाले की सोडीन."

"सोड की. मी काय तपासाया येनार न्हाई."

आले नाहीतच. थंडी सुरू होताना त्यांनी अंथरूण धरलं. आम्ही ओतूरला भेटायला गेलो तेव्हा ते उताणे पडून होते आणि छताकडे बघत होते. आता त्यांना त्यासाठी मान वर करावी लागत नव्हती. जुई जवळ बसली. तिने हात धरला तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "त्यो वरचा वासा बग, जुये. तिथं बसंल का दोर?" जुईने नीट वर पाहिलं आणि बसेल म्हणाली. ते त्यांना पटलं असावं. त्याच आठवड्यात ते गेले.

दहाव्याला नदीवर आडोसा दुसऱ्याच मंडपवाल्याने केला होता. कापड खिळ्यांनी ठोकलेलं होतं. जुई ते बघत उभी राहिली. घरी आल्यावर हातपाय धुऊन सरळ खोलीत गेली. आम्ही दोघं मागोमाग गेलो आणि दारातच थांबलो. तिने खुर्ची ओढली, चढली, कनातीच्या वरच्या बांबूची गाठ चाचपली आणि टोक ओढलं. मामांची गाठ, एवढ्या वर्षांची, एका हिसक्यात सुटली. कनात सळसळत खाली आली.

वाघाने मुंडावळ्या बांधल्या होत्या. खऱ्या, मोत्यांच्या, लग्नात बांधतात तशा. मोती पिवळे पडले होते आणि त्यांच्यावर धूळ होती, पण टाचण्यांनी त्या दोन्ही कानांजवळ नीट बसवलेल्या होत्या. कपाळावर कुंकवाचा टिळा. आणि त्या मोत्यांच्या सरांमागून ते दोन डोळे, ज्यांच्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले होते, विस्फारून बाहेर बघत होते.

वैशालीने तोंडावर पदर घेतला. ती रडतेय असं मला वाटलं.

"अहो," ती म्हणाली, "हा तर आपल्या अल्बममधला तुमचा फोटो आहे."

जुईने खुर्चीवरूनच माझ्याकडे पाहिलं, मग वाघाकडे, मग परत माझ्याकडे. चार वर्षांची असताना पाहिलं होतं तसंच. आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती खुर्चीवर बसली आणि मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला नीट कळलं नाही. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"किती घाबरलाय बिचारा," ती म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं त्याला अंधारात ठेवला."

त्या भिंतीवरचं जंगल आता जवळजवळ गेलंय, वाघ आहे. जुई दहावीला आहे. कनातीची तिने घडी घालून ठेवली आहे, मामा घालत तशी, झालर आत. मागच्या महिन्यात मी मामांचा फोटो मोठा करून आणला. तिच्याच खोलीत लावावा असं ठरलं. मी स्टूल आणलं, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली, तोंडात खिळा धरला आणि हातोडी उचलली.

जुईने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली आणि मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून, छताकडे बघायला लागली.